तिसरी बुडी

"हालू नको," आई म्हणाली. "एक गुंता राहिला तरी सगळं फुकट जाईल."

हे ती मला म्हणत नव्हती. गुंता व्हावा एवढे केस देवाने मला दिलेलेच नाहीत. पडवीत पाटावर कुंदा बसली होती, तिच्या मागे खुर्चीवर आई, आणि आईच्या मांडीवर कुंदाचे केस पसरलेले. सोडले की गुडघ्यापर्यंत यायचे, आणि दाट तर असे, की फणी आत शिरली की दिसायची बंद. नुकतं कुठे उजाडत होतं. मी चुलीवर कुंदाच्या आंघोळीचं पाणी तापवत होते आणि दारातून बघत होते. अर्धा तास झाला तरी आईची फणी थांबत नव्हती. माझ्या डोक्यावरून तिने शेवटची फणी फिरवली ती मी बारा वर्षांची असताना, आणि तीही उवांसाठी.

"दुखतंय का गं?" आईने विचारलं.

"नाही, आई."

लग्नाला अजून आठ दिवस होते. पण कुंदा पहिल्या दिवसापासून तिला आईच म्हणायची आणि मला वन्सं.

"मिल्का, पाणी तापलं का?"

"कधीचंच."

"मग सांगायचं नाही?"

"तुमचं चाललं होतं," मी म्हटलं.

त्या दिवशी कुंदाची तबिला होती. तबिला म्हणजे बुडी. परक्या घरची मुलगी आमच्या धर्मात घ्यायची, तर आधी तिने सगळं शिकायचं, मग जाणत्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि शेवटी वाहत्या पाण्यात नाहीतर समुद्रात तीन बुड्या मारायच्या. तिसऱ्या बुडीतून जी वर येते ती आमची.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आमच्या सिनेगॉगला गावात मशीद म्हणत, आणि आम्हीही मशीदच म्हणत असू. मी सांगते आहे ते सत्त्याऐंशी सालचं. तोवर आमच्या इस्राएल आळीतली निम्म्याहून जास्त घरं कुलपं लावून इस्रायलला गेली होती. लग्नाच्या वयाचे उरलो होतो आम्ही दोघं, आणि आम्ही बहीणभाऊ. मला तिकडून दोन स्थळं आली होती. एकाने तर फोटो बघून 'चेहऱ्यावर समजूत दिसते' असं लिहिलं होतं. सुंदर नसलेल्या मुलीबद्दल याहून बरं कुणी लिहिलेलं मला ठाऊक नाही. पण वडील नव्हते आणि आईचे गुडघे तेव्हाच गेले होते. मी दोन्हींना नकार कळवला. आई त्यावर एक शब्द बोलली नाही. मी समजले, तिला कळलं आहे. मी तिच्यासाठी राहिले, आणि त्या बदल्यात ती माझी, असा माझा हिशेब होता.

धाकट्या भावाने, हसकेलने, मात्र कुणाला न विचारता पोयनाडची कुंदा पसंत केली. तिचे वडील शाळेत कारकून. ते म्हणाले, त्या घरात गेलीस तर या घराची पायरी चढू नकोस. आमची आई म्हणाली, "लग्न लावीन. पण आधी ती आपल्यातली होईल, आणि होईल तर नीट होईल. वरवरचं मला चालायचं नाही."

मला वाटलं, मुलगी घाबरून पळेल. मुलगी दोनशे पानी वही घेऊन आली.

दर रविवारी यायची आणि आईच्या मागे वही घेऊन फिरायची. आई, दाराच्या चौकटीला ही नळी कशाची? आई, दिव्याच्या ग्लासात तेलाखाली पाणी का? आई, एलियाहू हन्नाबीच्या नवसाच्या मलिद्यात पोहेच का, भात का नाही? आणि आमची आई, जिला 'जेवलीस का' या प्रश्नालाही मान हलवून उत्तर द्यायची सवय, ती तासतास बोलायची. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणी, अनशी ढाकाचा सण. आजीने सांगितलेलं, आजीच्या सासूने सांगितलेलं. मी आत भाकऱ्या थापत असायचे आणि माझ्याच घराबद्दल नवीन नवीन ऐकायचे.

एकदा सणाची मोठी कणीक मळून झाली होती. मी त्यातला लिंबाएवढा गोळा तोडला आणि चुलीत टाकला, दर वेळी टाकायचे तसा.

"वन्सं, हा कशाला टाकला?"

"चूल तापली का ते बघायला."

वहीत लिहायला तिने पेन टेकवलं, आणि बाहेरून आईचं हसू ऐकू आलं. आई फार कमी हसायची. हसली की तिला खोकला लागायचा. खोकत खोकत ती दारात आली.

"अगं, चूल कसली? देवाचा वाटा तो. यरुशलेमात देऊळ होतं तेव्हा पुजाऱ्याला जायचा. देऊळ पडलं, पुजारी गेले, म्हणून आगीला द्यायचा."

पंधरा वर्षं मी तो गोळा टाकत होते. त्याचा रंग बघून पोळी टाकायची की थांबायचं ते ठरवत होते.

"मला का नाही सांगितलंस कधी?" कुंदा गेल्यावर मी विचारलं.

"तू विचारलंस कधी?"

"मला काय ठाऊक, विचारायचं असतं ते."

"तू घरातली," आई म्हणाली. "घरातलीला काय सांगायचं?"

मग मीही विचारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी खोबरं खवताना म्हटलं, "आई, शब्बाथच्या दिव्याला दोन वाती का गं?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आहे की काय ते ती बघते आहे. "आत्ता विचारतेस? खोबरं झालं का?"

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे काही आलं ते वाचनालयातली पुस्तकं आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलं. हिब्रू मात्र बायकांना कोण शिकवणार? प्रार्थना मला पाठ होत्या, त्या कानाने. कुंदा चार महिन्यांत अक्षरं शिकली. मशिदीत प्रार्थना चालवणारे आमचे अहरोनकाका तिला शिकवायचे आणि आळीभर सांगत फिरायचे, की मुलगी हुशार आहे हो. नव्याच्या सणाला ती माझ्याशेजारी बायकांच्या बाजूला बसली होती. मी पुस्तक उघडून डोळे मिटून म्हणत होते. तिने हळूच हात पुढे केला आणि माझी दोन पानं उलटली.

"वन्सं, आपण इथे आहोत," ती कुजबुजली.

चांगल्या मनाने केलं तिने. तेच तर वाईट होतं. तिचं काहीही वाईट मनाने केलेलं असतं तर माझं जगणं किती सोपं झालं असतं.

तबिलेसाठी मुंबईहून तीन जाणते आले. त्यांनी आदल्या दिवशी आमच्या पडवीत कुंदाला तासभर प्रश्न विचारले. ती एकदाही अडखळली नाही. मी चहा देऊन लगेच आत पळाले. म्हटलं, चुकून कोणी मलाच काही विचारलं तर आजवरचं माझं ज्यूपण जायचं.

पण त्यातल्या पांढऱ्या दाढीवाल्यांनी मला बाहेर बोलावलंच.

"पाण्यात तिच्याबरोबर कोण उतरणार?"

"माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही," आई म्हणाली. "मिल्का उतरेल."

"मग तुम्ही नीट ऐका, बाई," ते मला म्हणाले. "आम्ही पुरुष झाडीच्या मागे पाठ करून उभे राहणार. प्रत्येक बुडीला तुम्ही बघायचं, ती पुरती पाण्याखाली गेली का. डोक्याचा एक केस जरी पाण्यावर तरंगत राहिला, तरी ती बुडी नाही. पुरती गेली तर मोठ्याने 'कोशेर', म्हणजे शुद्ध, म्हणायचं. नाही गेली तर पुन्हा बुडवायचं. आमचे डोळे तुम्ही. तुम्ही म्हणाल ते खरं."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हटलं, की तू म्हणशील ते खरं.

तर आई केस विंचरत होती ती या एका केसासाठी.

सुरूच्या बनापलीकडे खडकांच्या आड एक जागा होती. भरतीला तिथे छातीएवढं पाणी यायचं आणि लाटा बाहेरच फुटायच्या. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता, पण पाण्याला ऊब नव्हती. आईला टांग्यातून आणून झाडीमागे खुर्चीवर बसवलं. तिच्यापुढे तिघे जाणते, अहरोनकाका आणि हसकेल, सगळे पाठमोरे. लग्नातल्या फोटोत सगळ्यांनी एकदम मान फिरवावी तसे दिसत होते.

कुंदाने पांढरा सैल झगा घातला होता. कानातलं, गळ्यातलं, बांगड्या, सगळं काढून ठेवलेलं. मी लुगड्याचा काचा मारून तिच्यामागून उतरले. पाणी कमरेला लागलं तसा माझा श्वास अडकला. तिचे तर दात वाजत होते.

"वन्सं, भीती वाटते."

"बुडायची?"

"नाही. काही चुकलं तर."

"तुझं कुठे चुकतं," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले, हात सैल सोडले आणि खाली गेली. केस तिच्यामागून गेले, काळ्या कापडासारखे. वर काही राहिलं नाही.

"कोशेर," मी म्हटलं. झाडीमागून कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं.

तिने थरथरत हिब्रूतला आशीर्वाद म्हटला. एकही अक्षर चुकलं नाही. दुसऱ्यांदा खाली गेली. पुरती.

"कोशेर."

तिसऱ्यांदा ती जाताना बाहेरून मोठी लाट आली. पाणी हललं. ती खाली होती, तिचा पांढरा झगा मला दिसत होता, आणि वर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर केसांची एक बट पसरली होती. पाण्यावर. ओली, चमकणारी, सकाळी आईने एक एक केस सुटा केलेली.

पहिला विचार सरळ होता: हिला पुन्हा बुडवायचं. थंडीत कुडकुडते आहे, कुडकुडू दे. पाच पुरुषांना कळू दे, हिचंही चुकतं.

पण माणसाचं मन पाण्यापेक्षा चपळ. दुसरा विचार आला, की पुन्हा बुडवली तर ती पुरी होईल. अगदी पुरी. मग हिच्यात आणि माझ्यात काय उरलं? उलट आत्ता मी कोशेर म्हटलं तर ती जन्मभर एका बटेने अपुरी राहील. आई तिला हवं ते शिकवू दे, हवं ते देऊ दे. ती आमची झालेली नाही हे एकटीला मला ठाऊक असेल. आईपाशी नसलेलं असं काहीतरी माझ्यापाशी असेल.

ती वर आली. तोंडावरचं पाणी निपटून तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोशेर," मी म्हटलं.

झाडीमागे सगळे एकदम बोलायला लागले. अहरोनकाका गायला लागले. मी कुंदाला टॉवेलात गुंडाळलं आणि तिने ओल्या अंगाने मला जी मिठी मारली ती सोडीचना. पांढऱ्या दाढीवाले म्हणाले, "नणंदेने मोठं काम केलं." आई म्हणाली, "चला, गार वाऱ्यात उभ्या राहू नका." तेवढंच. माझ्याकडे तिने जरा वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते.

त्या रात्री मी गाढ झोपले. इतकी, की सकाळी आई केव्हा उठून गेली ते मला कळलं नाही. मी अंगणात आले तेव्हा ती बाहेरून येत होती, भिंत धरत धरत. लुगडं कमरेपर्यंत ओलं.

"काय झालं?"

"अहरोनच्या विहिरीवर गेले होते. कळशी अंगावर कलंडली."

कुंदा लग्नापर्यंत अहरोनकाकांकडेच राहायला होती. तेव्हा मी मनात म्हटलं, बरोबर आहे, सूनबाईला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. दुपारपर्यंत आईचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले. पुढचे पंधरा दिवस, लग्न धरून, मी ते सकाळ-संध्याकाळ तेलाने चोळले. पहिल्या दिवशी तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. ती मी पुसून काढली आणि मनात चडफडत राहिले, की सून आल्याबरोबर हिने दुखणं काढलं, आणि निस्तरायला मी.

लग्नाच्या पंगतीत अहरोनकाका मला म्हणाले, "तुझ्या आईसारखी हट्टी बाई मी पाहिली नाही हो." मी म्हटलं, "का, काय केलं?" तर त्यांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला उठून गेले.

त्यानंतरचं वर्ष माझं फार बरं गेलं, हे कबूल करायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी आईने शब्बाथचा दिवा लावायला कुंदाला पुढे केलं, तेव्हा मी शांत होते. मनात म्हटलं, पेटव बाई, वर कुणी बघत नाही. मलिदा कालवायचं काम आईने कधी माझ्या हातात दिलं नव्हतं. ते तिला दिलं, तेव्हा मी खोबरं खवून पुढे सरकवलं आणि वर म्हटलं, "साखर बेताने." गालात गुळाचा खडा ठेवावा तसं ते गुपित मी ठेवलं होतं. कुंदाशी मी चांगली वागायला लागले. जिचं आपण काहीतरी काढून घेतलं आहे तिच्याशी चांगलं वागणं अवघड नसतं. आणि ती तर माझ्यावर अशी माया करायची की बघणाऱ्याने दृष्ट काढावी. माझ्या फणीत राहिलेले केस काढायची. माझ्यासाठी वाचनालयातून पुस्तकं आणायची. अक्षरं शिकवते म्हणाली, तर मी म्हटलं, "आता या वयात?" मी बत्तीस वर्षांची होते.

तोंडातला गूळ कडू लागायला लागला तो तिला दिवस राहिल्यावर. आमच्यात मूल आईवरून ठरतं. आई आमची, तर मूल आमचं. मी रात्री आढ्याकडे बघत पडायचे. माझ्या भावाचं मूल, आईचं पहिलं नातवंड. आणि ते कोण आहे, हे ठरवणारी एक बट. ती बट आता कुंदाची राहिली नव्हती. ती माझ्या घशात अडकली होती.

दारफाळणी आली. वर्षाचा सगळ्यात मोठा उपास. आमच्याकडे जुनी रीत अशी, की आदल्या दिवशी आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, ऊन असतानाच जेवून घ्यायचं, आणि सूर्य बुडायच्या आत घराचं दार लावायचं. मग मशिदीत जाण्यापुरतं सोडून, दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत परक्याशी बोलायचं नाही.

दुपारी मी मागच्या पडवीत आईच्या दुसऱ्या दिवशीच्या पांढऱ्या लुगड्याची घडी घालत होते. कुंदा आली, पोट सांभाळत माझ्यासमोर बसली.

"वन्सं, वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

"हे आणि काय?"

"वहीत आहे. आईंनी सांगितलंय. देवाचं देवाकडे मागायचं, माणसाचं माणसाकडे. माणसाने सोडल्याशिवाय देव मध्ये पडत नाही. दार लावायच्या आत मागायचं."

पस्तिशीकडे झुकलेली मी, जन्माने बेने इस्राएल, आणि दारफाळणीचा अर्थ मला हिच्या वहीतून कळत होता. पण या वेळी मला राग आला नाही. भीती वाटली.

"कुंदा," मी म्हटलं. "तिसऱ्या बुडीला तुझी बट वर राहिली होती."

तिने लुगड्याचं दुसरं टोक उचललं, माझ्याबरोबर घडी जुळवली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"केस पाण्यात गेले की ओढ लागते ना, डोक्याला. तिसऱ्यांदा एका बाजूला लागली नाही. वर आले ती तुमच्या तोंडाकडेच बघत आले. म्हटलं, आता वन्सं पुन्हा जा म्हणणार. तुम्ही कोशेर म्हणालात."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी थंडीने मेले होते. मला वाटलं, तुम्हाला माझी दया आली. माझ्या घरच्यांनी तेव्हा मला घराबाहेर काढलं होतं, वन्सं. आणि इथे एक माणूस माझ्यासाठी देवापुढे खोटं बोललं. मी तुम्हाला किती घट्ट धरलं होतं, आठवतं?"

मला आठवत होतं.

"पण रात्रभर झोप नाही," कुंदा सांगत होती. "वरवरचं आईंना चालायचं नाही, आणि आता मलाही चालेना. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आले तर आई अहरोनकाकांच्या दारात उभ्या. एकट्या, भिंत धरून. मी सांगायच्या आधीच म्हणाल्या, 'केस बांध, समुद्रावर जायचंय.' मुंबईचे तिघे अजून तिथेच होते. त्यांना म्हणाल्या, 'मी सासू आहे. माझ्या डोळ्यांदेखत झालं नाही, माझं समाधान नाही. पुन्हा करा.' दाढीवाले चिडले. आई हटल्या नाहीत. ऊन आल्यावर गेलो. मला वाटलं, त्या काठावर बसतील. तर माझ्याबरोबर पाण्यात उतरल्या, कमरेपर्यंत. तिन्ही वेळा स्वतः कोशेर म्हणाल्या."

कळशी. सुजलेले गुडघे. बोटांच्या बेचक्यांतली वाळू, मी स्वतःच्या हाताने पुसलेली.

"आणि मला म्हणाल्या, मिल्काला सांगू नको."

कुणाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला हलकं वाटायच्या आधी पुन्हा मत्सरच वाटला. मूल आमचं होतं, बट सुटली होती, आणि माझ्या मनात काय आलं, तर आई हिच्याबरोबर समुद्रात उतरली. माझं म्हणून जे एकच गुपित होतं, तेही या दोघींचं निघालं.

"दया नव्हती ती," मी म्हटलं. म्हणायची गरज नव्हती. मी गप्प बसले असते तर जन्मभर चांगली राहिले असते. "मला तू अपुरी राहायला हवी होतीस. मला ते ठाऊक असायला हवं होतं. एकटीला."

कुंदा बराच वेळ घडीवर हात फिरवत राहिली. एक सुरकुती निघत नव्हती.

"म्हणजे वर्षभर मी चुकीच्या समजुतीवर माया केली," ती म्हणाली.

"हो."

"आता केली ती केली. परत कशी घेऊ?" तिने नाक ओढलं. "पण मला राग आलाय, वन्सं. आजचा दिवस नसता तर चार दिवस बोलले नसते."

"उद्यानंतर नको बोलूस."

"उद्यानंतर राहणार नाही ना तो. तीच तर अडचण आहे." ती उठली, लुगडं घेतलं, आणि दाराशी वळून म्हणाली, "सोडलं. जा आता आईंकडे."

आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. पांढरं नेसून ती लहान दिसायची. मी खाली तिच्या पायाशी बसले, आणि काय करावं ते न सुचून तिचे गुडघे चोळायला लागले.

"आज तेल नको," आई म्हणाली. "उपास आहे."

"तुला कुंदाने सांगितलं?"

"काय ते?"

"बटेचं."

"तिने कशाला सांगायला हवं? मी झाडीमागे होते ना. ऐकत होते." आईने डोळे मिटले. "पहिल्यांदा तू कोशेर म्हणालीस ते कोरडं. दुसऱ्यांदाही कोरडं, मारून मुटकून. तिसऱ्यांदा गोड म्हणालीस. तेव्हाच मी म्हटलं, काहीतरी राहिलं."

बाहेर आळीत कुणीतरी गाय हाकत होतं. मी तिच्या गुडघ्यावरून हात काढला नाही.

"मला बोलली का नाहीस?"

"तू घरातली," आई म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली. मग पुढे म्हणाली, "ती विचारते म्हणून तिला सांगते. तुझं मला न सांगता कळतं. यात जास्त काय नि कमी काय, ते तू ठरव. तू तिकडची स्थळं नाकारलीस तेव्हाही तू काही बोलली नव्हतीस. मला कळलं होतं."

"माफ कर."

"केलं. ऊठ, सूर्य चालला."

हसकेल पांढरी टोपी शोधत होता. कुंदा वही घेऊन बाहेर आली. डोळे लाल, पण वही हातात होतीच. "आई," ती म्हणाली, "दार कोणी लावायचं असतं? हे लिहायचं राहिलंय."

आमच्याकडे दार जो जवळ असेल तो लावायचा. एका वर्षी हसकेलने लावलं, एका वर्षी वाऱ्याने.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "घरची मुलगी लावते," ती म्हणाली. "जन्माची. सुनेने नाही, लेकाने नाही. आजीच्या आजीपासून तसंच आहे."

"लेक नसेल त्या घरी?"

"मग दार उघडं राहतं," आई म्हणाली.

कुंदाने मान हलवली आणि लिहून घेतलं. मी उठले, दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी घातली.

आई जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. कुंदाची मुलगी रिवका इस्रायलमध्ये अश्दोदला चौथ्या मजल्यावर राहते, वही तिच्याकडे आहे. दारफाळणीच्या आदल्या दिवशी दर वर्षी तिचा फोन येतो. तिच्या सासरची माणसं तिला विचारतात, हे दार मुलीने लावायचं कुठल्या पुस्तकात आहे. ती सांगते, आमच्यात आहे. या वर्षी तिने तिच्या सहा वर्षांच्या लेकीला दार लावायला शिकवलं. फोनवर मला कडीचा आवाज ऐकवला.

"आत्या," तिने विचारलं, "हे खरंच आजीच्या आजीपासून आहे ना?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं, अगदी गोड आवाजात.